सहा ठिपक्यांचे काळे भुंगेरे बागेतून गेले कुठं? मोरचुदाचा संबंध असेल का?

प्रश्न (तासगाव तालुका, चार एकर द्राक्ष):
मी शाळेत असताना पावसाळ्यात बांधावर एक मोठा काळा किडा पळायचा. पाठीवर सहा पांढरे ठिपके. डिवचला की आंबट वासाची पिचकारी मारायचा, डोळ्यात गेली की नुसती आग. पुढं बाग लावली, तिला आता बावीस वर्षं झाली. बागेत एक दिसत नाही, शेजारच्या पडीक माळावर मात्र अजून आहेत. यंदा एक टक्का बोर्डोचे (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक मिश्रण) सहा फवारे झाले, दर फवाऱ्याला एकरी चारशे लिटर. तांब्यामुळं असं होतं का?

वाळव्याचा ऊसवाला:
उसाची मुळं खाणाऱ्या हुमणीचे भुंगेरे ना? गेले तर पेढे वाटा की!

मिरज, निवृत्त प्राणिशास्त्र शिक्षक:
हुमणी नव्हे हो. हुमणीचा भुंगेरा तपकिरी, पाला खाणारा. हा अँथिया नावाचा भुंगेरा, त्याला उडता येत नाही, अळ्या-किडे मारून खातो. पिचकारी फॉर्मिक आम्लाची.

आता हिशेब करा. एक टक्का म्हणजे शंभर लिटरला किलोभर मोरचूद, चारशे लिटरला चार किलो. किलोभर मोरचुदात तांबं पाव किलो, म्हणजे फवाऱ्याला एकरी एक किलो तांबं. तुमच्या यंदाच्या सहा फवाऱ्यांत एकरी सहा किलो झालं, म्हणजे हेक्टरी पंधरा. युरोपात सात वर्षांना मिळून हेक्टरी २८ किलोची मर्यादा आहे! तांबं कुजत नाही, वरच्या थरातच बसून राहतं.

पण लगेच त्यालाच फाशी देऊ नका. या कुळातले भुंगेरे धातू बऱ्यापैकी बाहेर टाकतात. आतड्याच्या पेशींत अडकवतात, त्या पेशी विष्ठेतून जातात. त्यात ताकद मात्र खर्च होते. पोलंडमध्ये ओल्कुशजवळच्या जस्त-शिशाच्या कारखान्याभोवतीचे याच कुळातले भुंगेरे उपाशी ठेवल्यावर आणि डायमेथोएट हे कीटकनाशक दिल्यावर स्वच्छ जागेतल्यांपेक्षा लवकर मेले. तुम्ही कीटकनाशक मारता, तणनाशक मारता, रोटर फिरवता, ते सगळंही यात धरा.

मोजायचं तर प्लास्टिकचे पेले काठाबरोबर जमिनीत पुरा, बागेत दहा, माळावर दहा. रोज सकाळी बघून किडे सोडून द्या. आणि आकड्यावर आंधळा विश्वास नको, उपाशी भुंगेरा जास्त हिंडतो, म्हणून जास्त सापडतो.

प्रश्नकर्ता:
सर, माती परीक्षणाचे जुने कागद काढले. दर वर्षी लोह आणि जस्त कमी आहे का एवढंच बघत आलो, तांब्याचा रकाना त्याच पानावर होता. पेले उद्या पुरतो. आई विचारतेय, चहा कशातनं पिणार?