केळीच्या बागेतून ११ केव्हीची लाइन गेली आहे, ड्रोन किती उंचीवरून उडवावा?

तापीकाठ_यावल
मंडळी, रामराम. यावल तालुक्यात माझी केळीची मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली) आहे, ग्रँड नैन जातीची. यंदा करप्याने जोर धरलाय. पाठीवरच्या पंपाने मारायला माणूस मिळत नाही, मिळाला तरी पानांखाली उभं राहून वर मारताना अर्धं औषध त्याच्याच अंगावर गळतं. म्हणून भाड्याचा ड्रोन सांगितलाय. अडचण अशी, की बागेतून ११ केव्हीची लाइन तिरपी गेली आहे आणि तारांना चांगलाच झोळ आलाय. ड्रोनवाला पोरगा म्हणतो, "काका, आपण खालीच उडवतो, विमान थोडंच आहे? सेन्सर आहेत ना." मला काही पटेना. असं काम कोणी केलंय का?

शेतकरीपुत्र_रावेर
पिकाच्या वर दोन-तीन मीटर ठेवायला सांगा, औषध चांगलं बसतं. तारेचं त्याला कळत असेलच.

ड्रोनताई_चोपडा
दादा, आधी त्याला थांबवा, मग पुढचं वाचा. आमच्या बचत गटाचा ड्रोन मी चालवते आणि माझे सासरे लाइनमन होते. तारेबद्दल घरात जे ऐकलं ते प्रशिक्षणात मिळालं नव्हतं.

हिशेब बघा. नियमाने ११ केव्हीची उघडी तार शेतात जमिनीपासून निदान ४.६ मीटर उंच हवी. झोळ आला की तेवढीही राहत नाही. तुमची ग्रँड नैन पानांच्या शेंड्यापर्यंत साडेतीन-चार मीटर जाते. त्यावर रावेरच्या दादांनी सांगितलेले दोन-तीन मीटर धरा. म्हणजे ड्रोन साडेपाच ते सात मीटरवर, झोळातल्या तारेच्या जेमतेम वर आणि खांबाजवळ तारेच्याच उंचीवर आला. कापसाच्या पऱ्हाटीत निदान तारेखाली मोकळी जागा असते (तिथेही मी तारेखालून नेत नाही), केळीत तीही नाही.

आणि "खाली उडवतो म्हणून धोका नाही" हे तर अगदी उलटं आहे. वर काही बिघडलं तर सावरायला वेळ मिळतो. फवारणीत ड्रोन सेकंदाला चार-पाच मीटर जातो. तार दहा मीटरवर दिसली तर हातात दोन सेकंद. टाकी भरलेली असली की वजन पंचवीस किलोच्या आसपास, आत औषध हिंदकळतंय, तो जागच्या जागी थांबत नाही.

सेन्सरवर तर मुळीच विसंबू नका. त्याला झाड दिसतं, खांब दिसतो. बोटाएवढी तार, तीही तिरपी आलेली, बऱ्याचदा दिसत नाही. माणसालासुद्धा दिसत नाही. संध्याकाळी ऊन समोरून आलं की तार आभाळात विरून जाते. खांब शोधायचे आणि मध्ये तार आहे असं धरून चालायचं, हे सासऱ्यांचं शिकवणं. खांबाचा ताण विसरू नका. वरून जमिनीत तिरपी रोवलेली ती तार केळीच्या पानांत पूर्ण झाकली जाते.

आणखी एक गोष्ट पोराला मुद्दाम विचारा: बॅटरी संपत आली किंवा सिग्नल तुटला तर ड्रोन काय करतो? तो आपोआप घरी परततो. परतताना आधी ठरवलेल्या उंचीपर्यंत सरळ वर चढतो आणि मग निघतो. तारेच्या शेजारी असताना चढला तर? उंची खांबापेक्षा कमी ठेवलेली असली तर? ही सेटिंग त्याने तुमच्या डोळ्यांसमोर, तुमच्या खांबांकडे बघून लावायला हवी. लाइनजवळ होकायंत्रही भरकटू शकतं.

मी काय करते ते सांगते. आदल्या दिवशी पायी सगळी बाग फिरते, खांब, ताण, डीपी (ट्रान्सफॉर्मर), बांधावरचा निंब, सगळं रिमोटवर अडथळा म्हणून नोंदवते. तारेच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर सोडते. तेवढा पट्टा पाठीवरच्या पंपाने होतो, शेतकरी कुरकुरतो, मी ऐकत नाही. फेऱ्या तारेला समांतर घेते, आडव्या नाहीत. पलीकडच्या टोकाला गटातली एक जण वॉकीटॉकी घेऊन उभी असते, वाऱ्याच्या वरच्या अंगाला.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ड्रोन तारेत अडकला तर कोणीही हात लावायचा नाही. गेल्या हंगामात शेजारच्या गावात एका भाड्याच्या ड्रोनने तार धरली. ड्रोनवाला म्हणाला, लाइन गेलेली आहे, काढून घ्या. सालदाराने ओला बांबू उचलला. शेतीची थ्री फेज गेली तरी तारेत वीज असू शकते, आणि ड्रोनच्या दांड्या कार्बन फायबरच्या, त्यातूनही ती वाहते. माणूस वाचला. त्याचा उजवा हात मी पाहिलाय. तळव्याची कातडी काळी पडून आक्रसली आहे, दोन बोटं मिटत नाहीत. कापूस वेचायला तो हात आता चालत नाही. ड्रोनची भरपाई झाली, त्याची कोणी विचारणाही केली नाही. १९१२ वर फोन करायचा, महावितरणचा माणूस येईपर्यंत सगळ्यांना लांब ठेवायचं, बस.

कापूसवाला_धरणगाव
ताई बरोबर बोलल्या. तारेइतकंच वाऱ्याचं बघा. शेजाऱ्याने मक्यात टू-फोर-डी तणनाशक मारलं, वारा आमच्याकडे होता. आठवड्यात माझ्या पऱ्हाटीची पानं भेंडीसारखी चिरली, शेंडे वाकडे. कापसाला ते औषध जराही सोसत नाही. ड्रोनमध्ये एकराला दहा लिटरच पाणी, म्हणजे औषध दाट, आणि थेंब बारीक. पहाटे वारा अगदी पडलेला असतानाही बारीक थेंब तरंगत राहून कुठल्या कुठे जातात. आजूबाजूला कांद्याचं बी धरलेलं असेल तर मधमाश्यांचाही विचार करा.

धुळे_विमानवेडा
थोडं विमानांचं. विमानाने औषध मारणं १९२१ मध्ये अमेरिकेत ओहायोत सुरू झालं, तेव्हा भुकटी धुरळली होती. आपल्याकडे हिंदुस्तान एरोनॉटिक्सने (एचएएल) खास शेतीसाठी 'बसंत' विमान बनवलं, १९७२ मध्ये पहिलं उड्डाण, एकूण ३९ तयार झाली. पिकाच्या तीन-चार मीटर वरून जाणाऱ्या या वैमानिकांचा मोठा शत्रू तारच. तारेत अडकून पडलेल्या कितीतरी जणांना ती तार आधी ठाऊक होती, त्याच सकाळी तिच्यावरून गेलेले होते. दहाव्या फेरीला लक्ष नोझलवर किंवा शेताच्या कडेवर गेलं की संपलं. म्हणून त्या विमानांच्या काचेपुढे आणि चाकांच्या दांड्यांवर तार कापायची पाती बसवतात. फेरी संपवून वर खेचून वळतानाही विमान पडतं, कारण सावरायला खाली उंचीच नसते. ड्रोनमध्ये वैमानिक बसलेला नाही एवढाच फरक. बांधावर माणसं आहेतच.

तापीकाठ_यावल
ताई, भाऊ, फार उपकार. पोराशी बोललो. "होकायंत्र" म्हटल्यावर गप्प झाला. प्रमाणपत्र विचारलं तर "शिकतोय" म्हणाला. आता काय करू?

ड्रोनताई_चोपडा
मग त्याला बागेत येऊ देऊ नका, दादा. २०२१ च्या ड्रोन नियमांनी एवढ्या मोठ्या ड्रोनला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं, ड्रोनला ओळख क्रमांक आणि तिसऱ्या माणसाचा विमाही लागतो. उद्या सालदाराला काही झालं तर त्या विम्याशिवाय तुम्ही आणि तो, दोघंच उरता. तिन्ही कागद बघितल्याशिवाय कोणालाच बोलावू नका.

तारेच्या झोळाचा अर्ज महावितरणच्या शाखा कार्यालयात द्या. खांबांचे क्रमांक आणि तार केळीच्या पानांना कुठे टेकते त्याचा फोटो जोडा, पोच घ्या. मध्ये एक खांब टाकून मागा. तोवर लाइनखालच्या ओळींची वाढलेली पानं स्वतः कापू नका, विळा लोखंडाचा असतो. करप्याची खालची वाळकी पानं मात्र आजच काढून बागेबाहेर न्या, तेवढ्यानेही रोगाचा जोर कमी होतो. तुमच्या गावच्या बाजूला आमच्या गटाची फेरी पुढच्या आठवड्यात आहे. तारेपासूनचा पट्टा सोडून बाकीची बाग मी करून देईन, पण तो पट्टा पंपाने करायला माणूस तुम्हीच बघा. त्याला हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट द्या.