निवडीचा अधिकार कोणाकडे?

अनेक क्युरेटर, म्हणजे प्रदर्शनासाठी कलाकृती निवडून त्यांची मांडणी ठरवणारे जाणकार, एकत्र आले की प्रदर्शनाची दृष्टी विस्कळीत होते, असे एक मत आहे; त्याच्याशी मी अंशतःच सहमत आहे. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड आर्ट गॅलरीने १९९३ मध्ये ‘एशिया पॅसिफिक ट्रायेनिअल’ हे दर तीन वर्षांनी भरणारे कलाप्रदर्शन सुरू केले, तेव्हा कलावंतांची निवड केवळ आपल्या अधिकाऱ्यांवर न सोपवता ऑस्ट्रेलियन आणि आशियाई क्युरेटरांना त्या कामात एकत्र आणले गेले. अशा पद्धतीत वेळ जातो, मतभेद होतात आणि क्वचित तडजोडीची निवडही होते. तरीही ज्या समाजातून कलाकृती येते त्या समाजाच्या जाणकाराला केवळ सल्लागार न मानता निर्णयात सहभागी करून घेणे मला अत्यावश्यक वाटते. अंतिम यादी, भिंतीवरचा मजकूर आणि खर्चाचा आराखडा यांवर त्याचे मत बंधनकारक नसेल, तर तो सहयोग नामधारीच राहतो.

मात्र अशा प्रदर्शनांत कलावंतांची निवड देशवार केली, तर एक प्रश्न सुटत नाही: स्थलांतरित कुटुंबातील जो कलावंत सिडनीतच वाढला, त्याला कोणत्या देशाच्या दालनात बसवायचे? १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या खासदार पॉलिन हॅन्सन यांनी संसदेतील आपल्या पहिल्याच भाषणात आशियाई स्थलांतराला विरोध केला आणि त्याच वर्षी सिडनीत ‘एशियन ऑस्ट्रेलियन आर्टिस्ट्स असोसिएशन’ ही, पुढे ‘फोर ए’ या नावाने ओळखली जाणारी, संस्था उभी राहिली. आशियाई-ऑस्ट्रेलियन कलावंतांना तिथे स्वतःचे व्यासपीठ मिळाले. म्हणूनच सहयोगाची चर्चा करताना परदेशातील क्युरेटरांइतकेच शहरातल्या या संस्थांनाही सुरुवातीपासून बैठकीत बोलवावे, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.