विंचवाचं बिऱ्हाड : इंग्लंडच्या खेड्यात कॅरॅव्हानमधला आठवडा (अनुभव धागा)

गडगा

गेल्या जूनमध्ये आईबाबा गुहागरहून तिसऱ्यांदा आमच्याकडे रेडिंगला आले. लंडन, स्ट्रॅटफर्ड, एडिंबरा आधीच उरकलेलं. म्हटलं, यंदा आठवडाभर कॅरॅव्हानमध्ये, म्हणजे कारमागे ओढतात त्या चाकांवरच्या घरात, राहू. फोनवर बाबांनी विचारलं, "म्हणजे शूटिंगला नट्यांची असते ती गाडी का?" आईने एवढंच विचारलं, "संडास कुठे असतो?"

आईचा प्रश्न जास्त नेमका निघाला.

आम्ही गेलो यॉर्कशायर डेल्समध्ये, हॉझ गावाजवळ. कॅरॅव्हान भाड्याची. मालकाने आधीच नेऊन जागेवर लावून ठेवली होती, त्यामुळे ओढायची कटकट नव्हती. जागा म्हणजे मेंढ्यांच्या कुरणाचा एक कोपरा. १९६०च्या कायद्यात इथे अशी सोय आहे की मान्यताप्राप्त क्लबने दाखला दिला की शेतकऱ्याला आपल्या रानात पाच कॅरॅव्हान उतरवून घेता येतात. पाच म्हणजे पाचच. दुकान नाही, तरणतलाव नाही. एक नळ, विजेचा खांब आणि भिंतीआड संडासाची कॅसेट रिकामी करायची मोरी.

पाण्याचं असं, की नळावर ४० लिटरचं पिंप भरायचं आणि हँडल धरून जमिनीवरून लोळवत आणायचं. त्यात छोटा पंप सोडला की आतल्या नळांना पाणी येतं. पिंप संपत आलं की पंप हवा ओढून घुरघुरायला लागतो, आणि तेव्हा हमखास कुणाच्या तरी डोक्याला शांपू असतो. चौघांत दिवसाला तीन पिंपं जायला लागली तशी दुसऱ्या दिवशी आईने कारभार हातात घेतला. तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, आंघोळ तांब्याने. एका पिंपात दिवस भागायला लागला. एप्रिल-मेमधली विहीर पाहिलेली बाई ती, तिला चाळीस लिटर म्हणजे चैनच.

कॅसेट बाबांनी घेतली. म्हणजे संडासाखालची टाकी, बाहेरच्या छोट्या दारातून खेचून काढायची. आम्ही नको नको म्हणत होतो, पण ७१व्या वर्षी त्यांना एक खातं हवं होतं. पहिल्या दिवशी ओतताना ती गचके देत उसळली आणि बाबांच्या पॅंटवर निळे शिंतोडे. शेजारच्या कॅरॅव्हानमधल्या आजोबांनी येऊन दाखवलं : तोटीपाशी हवेचं बटण असतं, ते ओतताना अंगठ्याने दाबून धरायचं, मग धार संथ पडते. त्यानंतर रोज सकाळी हे दोघे आपापली कॅसेट घेऊन बरोबरच निघायचे, दूध आणायला निघाल्यासारखे.

रात्री दहा वाजतासुद्धा बाहेर पेपर वाचता येईल इतका उजेड. आईचा तिन्हीसांजेचा दिवा रोज चुकत होता.

तर लिहा तुमचेही अनुभव. भाड्याची, स्वतःची, मोटरहोम (घर आणि इंजिन एकाच गाडीत), काहीही. फक्त इंग्लंडपुरतं ठेवू. स्कॉटलंडच्या चिलटांना स्वतंत्र धागा लागेल.

मिडलंडकर

आमचा अनुभव तुमच्याइतका शेणामातीतला नाही. लेस्टरची आम्ही माणसं, आमची कॅरॅव्हान म्हणजे स्केगनेसची स्टॅटिक. नावाला चाकं असतात, पण ती जागची हलत नाही. दोन-तीन बेडरूम, खरा फ्लश, खरा शॉवर. पहिल्यांदा २००४ साली गेलो, ऑफिसातल्या एका बाईंनी त्यांची आठवडाभर दिली होती. बिली बटलिनने पहिला हॉलिडे कॅम्प १९३६ साली याच गावाशेजारी काढला, तेव्हापासून मिडलंड्सचा कामगार समुद्रावर जायचं म्हटलं की इकडेच येतो. आम्हीही होजियरीच्या कारखान्यातलेच, म्हणजे परंपरेला धरून.

सपाट वाळू, गाढवावरची फेरी, समुद्रात लांबवर पवनचक्क्यांची रांग. आणि वारा! उत्तर समुद्रावरून येणारा तो वारा भरल्या ऑगस्टमध्येही कानटोपी घालायला लावतो. सासूबाई नऊवारीत किनाऱ्यावर उभ्या राहिल्या आणि पदर जो सुटला तो तीन कॅरॅव्हान पलीकडे जाऊन थांबला असता, पण कंबरेला खोचलेला म्हणून वाचला. घरी आल्यावर हे सगळ्यांना त्याच सांगतात, आम्ही नाही.

खेडं बघायचं असेल तर स्केगनेसला जाऊ नका हे मीच सांगते. पण दक्षिणेला जिब्राल्टर पॉइंट म्हणून पक्ष्यांचं राखीव रान आहे, तिथे संध्याकाळी चिटपाखरू नसतं. म्हणजे चिटपाखरंच असतात.

हिंगजिरे

कुकर नेला होतात का? शिट्टीचं काय केलंत?

गडगा

@हिंगजिरे, नेला. पहिली शिट्टी झाली तशी समोरची मेंढरं एकसाथ मान वर करून बघायला लागली. कुत्रं भुंकलं. मग आई शिट्टी होऊ घातली की आच बारीक करायची.

उलटा स्टिअरिंग

मी ओढणाऱ्यांपैकी. मिल्टन कीन्सहून, स्वतःची जुनी चार बर्थची. पहिल्या वर्षीची फजिती सांगतो म्हणजे नवीन माणसाच्या कामाला येईल.

डिसेंबर २०२१पासून साध्या कारच्या लायसन्सवर साडेतीन टनांपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो, वेगळी परीक्षा नाही. मला वाटलं, परीक्षा नाही म्हणजे अवघड नसणार. निघताना हिने तांदूळ, कणीक, डाळी, तेलाचा डबा असं सगळं मागच्या बाकाखाली रचलं, मी भरलेलं पाण्याचं पिंपही मागेच ठेवलं. ए१ या हमरस्त्यावर एक मोठा लॉरीवाला शेजारून गेला आणि त्याच्या हवेच्या झोताने मागची कॅरॅव्हान डोलायला लागली. आधी थोडी, मग गाडीलाच डावीकडे-उजवीकडे हिसके. आरशात बघितलं तर मागचं घर शेपटीसारखं हलतंय. ब्रेक मारावासा वाटतो, तोच मारायचा नसतो. स्टिअरिंगशी झटापटही करायची नाही. सरळ धरून फक्त ॲक्सिलरेटरवरून पाय उचलायचा. ते मला माहीत होतं म्हणून नव्हे, तर भीतीने पायच उचलला गेला म्हणून वाचलो.

पुढच्या ले-बायवर (रस्त्याकडेच्या थांब्यावर) थांबून सगळा शिधा काढला आणि चाकांच्या बरोबर वर, जमिनीलगत लावला. पिंप ओतून टाकलं. पाणी काय, जागेवर मिळतंच. मागे वजन झालं की कारला जोडणारा पुढचा आकडा हलका पडतो आणि मग ती नाचते. आपल्याकडे बैलगाडी उलार होते, तोच हिशोब. लहानपणी चुलत्यांच्या गाडीत मागे बसलो की ओरडा बसायचा, तो ए१च्या कडेला समजला.

एवढ्यावर संपलं नाही. जायचं होतं नॉर्थ यॉर्क मूर्समध्ये हेल्म्सलीला. कारच्या नॅव्हिगेशनला मागे काय जोडलंय ते कळत नाही, तिने थर्स्कवरून ए१७० धरायला लावला. त्यावर सटन बँक नावाचा घाट आहे, चारास एक चढ, मोठं वळण, आणि कॅरॅव्हानला चक्क बंदी. मी म्हटलं, वरंध घाटात पावसाळ्यात गाडी घातलेला माणूस मी, हे काय सांगतात? हिने पाटी मोठ्याने वाचून दाखवली. दोनदा. मुकाट्याने कॉक्सवोल्डवरून वळसा घातला. त्या वाटेने डोंगरात कोरलेला किलबर्नचा पांढरा घोडा दिसतो, १८५७ सालचा. पोरं खूष, त्यांना वाटलं बाबाने मुद्दाम आणलं.

वेगाचं लक्षात ठेवा : ओढताना मोटरवेवर ६० मैल, मध्ये दुभाजक नसलेल्या साध्या रस्त्यावर ५०, आणि तीन लेनच्या मोटरवेवर सगळ्यात उजवी लेन आपली नाही. उलटं घेताना स्टिअरिंग उलट्या बाजूला फिरवायचं. चार वर्षं झाली, अजून मी लावताना शेजारचे लोक चहाचे मग घेऊन बाहेर येतात.

पत्र्यावरचा पाऊस

वाचत होते, लिहायचं नव्हतं. पण एक सांगायलाच हवं.

लेक डिस्ट्रिक्ट, केझिकजवळ, ऑक्टोबरची सुट्टी. बॉरोडेलच्या टोकाला सीथवेट म्हणून वस्ती आहे, इंग्लंडातली सर्वांत जास्त पावसाची. आम्ही त्याच्या अलीकडे. सातपैकी सहा दिवस पाऊस. पहिल्या रात्री छान वाटलं, पत्र्यावर पाऊस वाजावा तसा आवाज, माहेरच्या पडवीत झोपल्यासारखं. आईला मात्र पायाला गार वारा लागत होता. तिने रात्री शोधून काढलं की जमिनीला, गॅसच्या शेगडीखाली, एक जाळी आहे आणि तिथून वारा येतोय. जुन्या टॉवेलची चुंबळ करून तिने ती ठेचून बसवली. वरच्या खिडकीतली फटही पेपर लावून बंद केली. किती शहाणपणाने! सकाळी काचांवरून पाण्याचे ओघळ, गाद्या दमट, माझं डोकं दुखतंय. मी गॅसवर चहा ठेवला. वाकून काडेपेटी घेताना ती चुंबळ दिसली.

ती जाळी हौसेची नसते. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साठतो आणि त्या जाळीतून बाहेर पडतो. वरच्या फटी जळलेली हवा जायला. थंडी वाजली तर मोजे घाला, जाळीला हात लावू नका. आणि अवनीमध्ये, म्हणजे दाराबाहेर तंबू जोडतात त्यात, विझत आलेली बार्बेक्यूची शेगडीही आणू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. तिथे अलार्म होता, तो वाजला नाही, कारण रात्रभर आम्ही काही पेटवलं नव्हतं. आईला मी अजून पूर्ण सांगितलेलं नाही.

दहा ॲम्पिअर

भाड्याची मोटरहोम, सहा जणांची म्हणून घेतली. सहा जण झोपतात हे खरं. पण सहा जण झोपले की कुणी उठू शकत नाही. जेवणाचं टेबल मोडून पलंग होतो, तेव्हा सगळ्यात शेवटी जेवणारा माणूस सगळ्यांची झोप लांबवतो. आमच्यात तो माणूस मीच.

विजेबद्दल : बऱ्याच ठिकाणी १० ॲम्पिअरच मिळतात, म्हणजे २३०० वॅट. घरची ३ किलोवॅटची किटली लावली की खांबावरचा स्विच पडतो. आमचा तीनदा पडला, तिसऱ्यांदा जागा सांभाळणाऱ्या वॉर्डनकाकांनी काही न बोलता स्वतःची शिट्टीची किटली आणून दिली, गॅसवर ठेवायची. मालकाने परत देताना आरशावरच्या चऱ्याचे पैसे कापले. तो चरा आमचाच, कॉर्नवॉलच्या गल्लीतला, तेव्हा तक्रार नाही. तिथे झुडपाचं कुंपण वाटतं त्याच्या आत दगड असतात.

हिंगजिरे

खाण्याचं कुणीच नीट लिहिलं नाही, म्हणून मीच. शेताच्या फाटकाशी टेबल मांडून पैशाचा डबा ठेवलेला असतो, तिथे मेमध्ये रुबार्ब मिळतो. देठ फक्त, पानं विषारी असतात. चिंच संपली तर आमटीत चालतो, पण गूळ जरा जास्त लागतो. ऑगस्टअखेरीस वाटेच्या कुंपणांना ब्लॅकबेरी लगडतात. काटे, जांभळे हात, सगळं करवंदांसारखंच, चीक तेवढा नाही. खाजऱ्या पाल्याचा हात लागला तर शेजारीच डॉकचं रुंद पान असतं, ते चोळतात. मला उपयोग झाला नाही, पण चोळायला बरं वाटतं.

@गडगा, हे नाव कशावरून?

गडगा

त्याच आठवड्यावरून. डेल्समध्ये जिकडे बघाल तिकडे चुनखडीच्या दगडांच्या सुक्या भिंती, डोंगर चढून पलीकडे उतरणाऱ्या. बाबा पहिल्याच दिवशी म्हणाले, "अगं, हे गडगेच की." फक्त आपला जांभ्याचा, हा पांढरट. चौथ्या दिवशी कॅरॅव्हानमागच्या भिंतीला खिंडार पडलं होतं आणि शेतकरी ते भरत होता. बाबा जाऊन उभे राहिले. मग दगड द्यायला लागले. त्याची यॉर्कशायरची बोली मलाच निम्मी कळत नव्हती, बाबांचं इंग्रजी पोस्ट ऑफिसातलं. तरी चाललं होतं. दोन बाजूंना दोन थर, मध्ये बारीक दगडांची भर, अधूनमधून एक लांब दगड आरपार, वर जाऊ तशी भिंत अरुंद. बाबांनी एक दगड उचलून, फिरवून बघून परत खाली ठेवला, तर त्याने मान हलवली. उचललेला दगड खाली ठेवायचा नाही, त्याला कुठे ना कुठे जागा शोधायची, असं त्याचं म्हणणं.

जेवणापर्यंत हातभर भिंत झाली. मजुरी म्हणून सहा अंडी मिळाली. बाबा अंडं खात नाहीत, पण कॅरॅव्हानपर्यंत ती त्यांनीच आणली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.