मदत हवी आहे : जुनी कॅसेट आणि मोबाइलचे व्हिडिओ एकत्र केल्यावर एक्सपोर्ट खराब येतोय

नमस्कार मंडळी,

आईच्या पंचाहत्तरीसाठी घरच्या व्हिडिओंची अर्ध्या तासाची फिल्म करतोय. माझ्या मुंजीची व्हीएचएस कॅसेट दुकानातून डिजिटल करून आणली आहे : ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम्स, इंटरलेस्ड (म्हणजे एका फ्रेममधल्या एकाआड एक ओळी दोन वेगळ्या क्षणांच्या). बाकी मोबाइलचे १०८०पी, ३० फ्रेम्सचे व्हिडिओ आणि काही व्हॉट्सॲपवर आलेल्या क्लिप्स. त्या व्हॉट्सॲपने आधीच कॉम्प्रेस केल्यात, मूळ फाइल्स नातेवाइकांकडे मागतोय.

एडिटिंगची टाइमलाइन १०८०पी, ३० फ्रेम्सची आहे. एक्सपोर्ट एच.२६४ फॉरमॅटमध्ये, बिटरेट ८ एमबीपीएस (सेकंदाला ८ मेगाबिट). एडिट करताना ठीक दिसतं, पण टीव्हीवर लावलं की मुंजीत कोणी हात हलवला तरी कडांना कंगव्याच्या दातांसारख्या रेषा येतात. कॅमेरा फिरला की चित्र अडखळतं. आजी मातृभोजनाला वाढतेय तो प्रसंग तर बघवत नाही, आणि आजीचं चालतंबोलतं चित्रण आमच्याकडे तेवढंच आहे.

रेषा इंटरलेसिंगच्या, एवढं कळलंय. एफएफएमपेग या मोफत व्हिडिओ सॉफ्टवेअरमधल्या बीडब्ल्यूडिफ या इंटरलेसिंग काढणाऱ्या फिल्टरने एक तुकडा ५० फ्रेम्सचा करून पाहिला, रेषा गेल्या. पण ३० च्या टाइमलाइनवर टाकल्यावर हालचाल पुन्हा अडखळते. मग टाइमलाइनच ५० ची ठेवू का? मोबाइलच्या क्लिप्सचं तेव्हा काय होईल? त्यांचा फ्रेम रेट स्थिर नाही, आवाज मागेपुढे होतो. आधी स्थिर करून घ्यायचा का? आणि बिटरेट वाढवू की सीआरएफ १८ (ठरावीक बिटरेटऐवजी ठरावीक दर्जा धरणारी सेटिंग) वापरू?

कॅसेटचं चित्र ४:३ आहे. ताणलं की चेहरे फुगतात, म्हणून बाजूला काळ्या पट्ट्या ठेवल्यात. ते तसंच राहील.

कार्यक्रमाला बारा दिवस आहेत. कोणी असं काम केलं असेल तर क्रम सांगा.