मनगट हलवणं आणि उचल घेणं

मेंदूचा अभ्यासक बेंजामिन लिबेट याच्या १९८३च्या प्रयोगावरून ‘इच्छास्वातंत्र्य हा भ्रम’ असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. त्या प्रयोगात लोकांना मनात येईल तेव्हा मनगट हलवायला सांगितलं होतं. मनगट हलवायची इच्छा जाणवण्याआधी सुमारे ३५० मिलिसेकंद मेंदूत हालचाल सुरू होते, हे खरं. पण जाणिवेनंतरही कृती रोखता येते, असं लिबेट स्वतःच मानत होता. शिवाय मनगट कधी हलवायचं यात कुणाचं काहीच पणाला लागलेलं नसतं.

आमच्या बीडकडे मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेऊन जोडपी ऊसतोडीला जातात. पाऊस, कर्ज, गावात काम नाही. जाणं जवळपास ठरलेलंच. तरी शेजारची एक बाई दहावीतल्या लेकीला फडावर न नेता आजीपाशी ठेवायचं म्हणून महिनाभर घरात भांडली. कारणं तिलाही होतीच, पण रात्र रात्र जागून ती तोलली तिनंच. त्या तोलण्याला मी स्वातंत्र्य म्हणतो.