उत्तरं दोन येतात की!

‘समद्विभुज त्रिकोणाचे शिरोलंब (कोपऱ्यातून समोरच्या बाजूवर टाकलेले लंब) ५ आणि ६ सेमी, तर कोन किती?’ या गणिताच्या उत्तरात ५ चा लंब पायावरचा धरून पायाचे कोन ५३.१° काढलेत. हिशेब बरोबर आहे. पण ५ चा लंब पायावरचाच, हे गणितात कुठं दिलंय?

पाया ‘प’, त्याचा कोन ‘क’ धरा. समान बाजूवरचा लंब प × साइन क, पायावरचा प/२ × टॅन क. भागाकार केला की ‘प’ उडतो: कॉस क = बाजूवरचा लंब ÷ पायावरच्या लंबाची दुप्पट. आता लंब उलटे धरा, पायावर ६. कॉस क ५/१२, म्हणजे क ६५.४°, शिरकोन ४९.२°.

कोल्हापूरच्या राजारामपुरीत मिसळ येईस्तोवर भाचीला हे बिलाच्या पाठीवर काढून दाखवलं. तिनं विचारलं, “मामा, ५ आणि १० असते तर?” पायावर ५ धरलं तर कॉस १, कोन शून्य, त्रिकोण आडवाच झोपला! तिथं मात्र एकच उत्तर उरतं.