किसपेप्टिनच्या लेखात चॉकलेट वर की खाली?

बाई_बारावी_ब

बारावीला पुनरुत्पादनाचा धडा चालू आहे. परवा शेवटच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, आता पाळी सुरू करायची हे शरीराला कळतं कसं?" फळ्यावर नेहमीची उतरंड काढलेली होती. मेंदूतल्या अधश्चेतकातून जीएनआरएच हे संप्रेरक निघतं, ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीला जागं करतं, पीयूषिकेची दोन संप्रेरकं अंडाशयाला कामाला लावतात. मी सगळ्यात वरच्या चौकटीवर खडू टेकवला. ती म्हणाली, "ते कळलं. पण त्याला कोण सांगतं?"

मी फळ्यावर 'किसपेप्टिन' लिहिलं आणि आपण सगळे ज्यात भर घालतो त्या ज्ञानकोशातला लेख वाचून ये म्हटलं. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "अमेरिकेतल्या चॉकलेटवरून नाव पडलंय, एवढं समजलं." वर्गात 'किस' शब्दावर खसखस पिकली ती वेगळीच. आपल्याकडे किस बटाट्याचा असतो असं म्हणून मी वेळ मारून नेली.

घरी येऊन लेख उघडला. अकरा ओळी. पाच चॉकलेटच्या, तीन कर्करोगाच्या, दोनमध्ये प्रजनन उरकलेलं, आणि शेवटी "वंध्यत्वावर अत्यंत गुणकारी". संदर्भ एकही नाही.

माझं म्हणणं असं की लेख नव्यानं लिहू आणि सुरुवात या रेणूच्या कामापासून करू. चॉकलेट खाली, 'नाव' या विभागात, दोन ओळींत. शिवाय प्रत्येक विधान कोणाबद्दल आहे ते त्याच वाक्यात यायला हवं, माणसाबद्दल, मेंढीबद्दल की उंदराबद्दल. आत्ता सगळं एकाच खलबत्त्यात कुटलंय. 'गुणकारी'वाली ओळ मी काल रात्रीच काढली. त्याचा राग असेल तर इथेच काढा.

सातरस्त्याचा_पॅथॉलॉजिस्ट

राग आहे, पण त्या ओळीबद्दल नाही. ती गेली ते बरंच झालं.

चॉकलेट खाली ढकलायला माझा विरोध. तुम्ही ज्याला गंमत समजताय तो या रेणूचा जन्मदाखला आहे. १९९६ साली पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी गावात काही जण त्वचेच्या कर्करोगाच्या, मेलॅनोमाच्या पेशींवर काम करत होते. काही पेशी अंगभर पसरतात आणि काही नाही, हे का, असा त्यांचा प्रश्न. पसरणं रोखणारं एक जनुक सापडलं. गाव चॉकलेटचं, तिथलं 'किसेस' प्रसिद्ध, म्हणून जनुकाचं नाव किस-१. २००१ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी त्या जनुकातून बनणारं ५४ अमिनो आम्लांचं पेप्टाइड माणसाच्या वारेतून वेगळं काढलं आणि त्याला मेटास्टिन म्हटलं (तेच आपलं किसपेप्टिन), म्हणजे तोवरही सगळ्यांच्या डोक्यात कर्करोगच. २००३ मध्ये पॅरिस आणि बोस्टन इथल्या दोन गटांनी, एकमेकांशी संबंध नसताना, दाखवलं की या पेप्टाइडचा ग्राही, म्हणजे पेशीवरचा त्याचा निरोप पकडणारा रेणू, बिघडला तर माणूस वयातच येत नाही. सात वर्षांत रेणूनं खातं बदललं! हा प्रवास वर ठेवला तर वाचक पुढे वाचेल. तुम्ही 'हे एक चेतापेप्टाइड आहे' असं सुरू कराल आणि तो दुसऱ्या ओळीला पान बंद करेल.

बाई_बारावी_ब

माझी विद्यार्थिनी पाचही ओळी वाचून आली की! पान बंद केलं नाही, तरी रिकाम्या हातानं परतली. गोष्ट रंगली आणि उत्तर राहिलं.

शिवाय तुमच्या गोष्टीत खरी अडचण कुठे सुटली ते येतच नाही, आणि मला तर तीच सगळ्यात रंजक वाटते. थोडं सविस्तर लिहिते, कारण लेखात हेच वर यावं असं मला वाटतं.

अंडाशयातून इस्ट्रोजेन किती सुटलंय हे मेंदूला कळायला हवं, त्यावर पुढचा हुकूम ठरतो. हुकूम सोडतात जीएनआरएच पेशी. पण इस्ट्रोजेन ओळखणारा जो मुख्य ग्राही, अल्फा प्रकारचा, तो या पेशींवर जवळजवळ सापडतच नाही. म्हणजे ज्यानं निर्णय घ्यायचा तोच बहिरा. मग निरोप पोचतो कसा? वर्षानुवर्षं हे कोडं होतं. किसपेप्टिन बनवणाऱ्या पेशींवर मात्र तो ग्राही आहे. त्या इस्ट्रोजेनचं ऐकतात आणि जीएनआरएच पेशींच्या कानात सांगतात.

दुसरी गोष्ट ठेक्याची. जीएनआरएच नळासारखं सलग वाहत नाही, ठोक्याठोक्यानं सुटतं. पाळी सुरू झाल्यापासूनच्या पहिल्या पंधरवड्यात साधारण तास-दीड तासाला एक ठोका. ते सलग दिलं तर पीयूषिका काही दिवसांत ऐकेनाशी होते. हा ठेका अधश्चेतकातल्या ज्या पेशी धरतात त्या तीन पेप्टाइडं एकत्र बनवतात. न्यूरोकायनिन बी 'चल' म्हणतं, डायनॉर्फिन 'थांब' म्हणतं आणि किसपेप्टिन तो ठोका पुढे पोचवतं. आमच्या गल्लीत अजून एक-दोन हातमाग आहेत. धोटा गेला की फणी, फणी बसली की परत धोटा, तसं काहीसं. (ही उपमा लेखात घालणार नाही, घाबरू नका.)

आता सांगा, हे वर हवं की चॉकलेट?

मोहोळचा_पशुवैद्य

बाई, हातमाग घाला की ओ, चांगलाय.

मला दोघांचंही पटत नाही. तुम्ही दोघं माणसालाच धरून बसलाय. ही तीन पेप्टाइडं एकाच पेशीत असतात हे पहिल्यांदा दिसलं मेंढीत. ठोका पडताना त्या भागातली विजेची हालचाल नोंदवली ती शेळीत, जपानात. २००७ साली फ्रेंच लोकांनी माजावर येण्याचा हंगाम नसलेल्या मेंढ्यांना किसपेप्टिनचं सलाइन लावलं आणि त्यांच्यात स्त्रीबीज सुटलं. म्हणजे अर्धं ज्ञान गोठ्यातून आलंय आणि लेखात जनावराचं नाव नाही.

आणि सोलापुरात बसून लिहिताय तर पंढरपुरी म्हैस हवीच. तलवारीसारखी शिंगं आणि वेतातलं अंतर कमी, यासाठी ती नावाजलेली. तरी उन्हाळ्यात तिचंही तेच. म्हैस दिवस लहान व्हायला लागल्यावर माजावर येणारं जनावर. एप्रिल-मेच्या आपल्या भट्टीत मुका माज. आतून माज असतो, बाहेर दाखवत नाही. ना आरडणं, ना सोट (चिकट स्राव). शेतकरी म्हणतो म्हैस भाकड राहिली, आणि तारीख हुकलेली असते. आम्ही जीएनआरएचसारखं इंजेक्शन देऊन वेळ साधतो. दिवसाच्या लांबीचा हिशोब मेलॅटोनिन या रात्री सुटणाऱ्या संप्रेरकाकडून किसपेप्टिनकडे आणि तिथून पुढे जातो हे मेंढी-हॅम्स्टरमध्ये पाहिलेलं आहे. मग म्हशीवर एक परिच्छेद का नको?

बाई_बारावी_ब

मेंढी-शेळीचं सगळं घेते. मीच 'कोणात दिसलं ते सांगा' म्हटलं होतं आणि मीच विसरले, कबूल.

म्हशीचं अवघड आहे. तुम्ही सांगताय तो मुका माज खरा, इंजेक्शन खरं, पण ते जीएनआरएचचं. मेंढीवरून म्हशीबद्दल आपण अंदाज बांधला तर लेखात तो अंदाज राहत नाही, विधान होतं.

मोहोळचा_पशुवैद्य

तीस वर्षं म्हशीत हात घालून अंडाशय चाचपतोय. तो अनुभव काहीच नाही का?

सातरस्त्याचा_पॅथॉलॉजिस्ट

अनुभव आहेच, डॉक्टर. पण वाचणाऱ्याला तो पडताळून कसा बघता येईल? उद्या दुसरा कोणी 'माझा तीस वर्षांचा अनुभव' म्हणून 'गुणकारी' परत आणून चिकटवेल, त्याला काय सांगणार? इथे मी बाईंच्या बाजूनं. एकट्यादुकट्या प्रयोगावरही वैद्यकीय विधान उभं करू नये. बऱ्याच प्रयोगांचा आढावा घेणारा लेख असेल तर त्याचा आधार घ्यावा.

शब्दाला_शब्द

तुमचं भांडण चालू द्या, मला भाषेचं बोलायचंय. एकाच धाग्यात अधश्चेतक, पीयूषिका, ग्राही, चेतापेप्टाइड! माझ्या आईला थायरॉइडच्या तपासणीत डॉक्टरांनी 'पिट्युटरी' सांगितलं, तिला कळलं. आमच्या घरात तेलुगू, दारात मराठी, दुकानात कन्नड. तिन्हीकडे पिट्युटरीच. पूर्व भागातल्या कुठल्याही घरी जाऊन 'पीयूषिका' म्हणा, मुलीचं नाव समजतील.

बाई_बारावी_ब

माझ्या वर्गात अर्धी मुलं पूर्व भागातलीच आहेत, आणि पीयूषिका त्यांना दहावीपासून पाठ आहे. आईला पिट्युटरी कळते, मुलीला पीयूषिका. पहिल्यांदा दोन्ही लिहू, मग एकच चालवू. पण 'किसपेप्टिन'ला मराठी प्रतिशब्द पाडायचा नाही, यावर तरी एकमत?

शब्दाला_शब्द

'चुंबपेप्टाइड' सुचवणाऱ्याला मी स्वतः गड्ड्याच्या जत्रेत हरवून येईन.

दोघांचं_घर

इतके दिवस नुसतं वाचत होतो. 'गुणकारी' ती ओळ मी घातली नव्हती, पण मी ती वाचली होती. दोन वर्षांपूर्वी.

आमचे उपचार चालू होते, कुठे ते सांगत नाही. टेस्ट ट्यूबच्या दुसऱ्या खेपेला बायकोचं पोट पाण्यानं फुगलं, पाच दिवस दवाखान्यात होती. त्याच सुमारास एका माणसानं 'किसपेप्टिन वाढवणारी' पावडर दिली, डबा साडेतीन हजारांचा. मी मराठीत शोधलं, तुमची ओळ सापडली, डबा घेतला. दोन डबे घेतले.

म्हणून माझी विनंती उलटी आहे. उपचाराचा विभाग पुसून मोकळे होऊ नका. रिकामी जागा दिसली की पावडरवाला ती भरतो. खरं काय ते लिहा, अगदी सोप्या भाषेत.

सातरस्त्याचा_पॅथॉलॉजिस्ट

वाचून वाईट वाटलं. मी तो विभाग पूर्ण काढा असंच लिहायला बसलो होतो. अजूनही मला धास्ती वाटते. चार ओळी लिहिल्या तरी लोक त्यातली सोयीची एक उचलतात.

बाई_बारावी_ब

तरी लिहू या. मला खात्रीनं माहीत आहे ते असं. २००५ मध्ये लंडनमध्ये निरोगी पुरुषांना किसपेप्टिन-५४ शिरेतून दिलं तेव्हा पीयूषिकेचं पीतपिंडकारी संप्रेरक (एलएच, फळ्यावरच्या त्या दोनांतलं एक) वाढलं. २०१४ मध्ये तिथल्याच गटानं टेस्ट ट्यूब उपचार घेणाऱ्या ५३ स्त्रियांना, स्त्रीबीज पक्व होण्यासाठी शेवटचं इंजेक्शन देतात त्या जागी हे दिलं. बीजं पक्व झाली, पुढे बाळंही जन्मली. तुमच्या घरी जे झालं, अंडाशय जास्त चेतवलं जाऊन पोटात पाणी होणं, तो धोका नेहमीच्या एचसीजी इंजेक्शनपेक्षा यानं कमी होईल का, हाच त्या संशोधनाचा रोख. पण उपचार म्हणून मान्यता मिळालेलं हे औषध नाही. आणि पावडर? पेप्टाइड पोटात गेलं की त्याचं पचन होतं, डाळीतल्या प्रथिनाचं होतं तसंच. हे शेवटचं वाक्य मी ठळक अक्षरात घालणार.

दोघांचं_घर

घाला. साडेतीन हजारांची डाळ खाल्ली म्हणायची.

सातरस्त्याचा_पॅथॉलॉजिस्ट

एक राहिलं. २००३ च्या दोन्ही शोधांत जी कुटुंबं होती, त्यांत नात्यात लग्नं झालेली होती. सदोष जनुकाची प्रत आई आणि बाप दोघांकडून आली तरच हा आजार दिसतो. आपल्या भागात मामाच्या मुलीशी लग्न ही रीतच आहे. हे लेखात ठळकपणे यावं.

शब्दाला_शब्द

झालं! आता ज्ञानकोश सोयरीक मोडणार.

बाई_बारावी_ब

आनुवंशिकता कशी चालते ते लिहू. सोलापूरच्या लग्नांबद्दल नको. आजार अतिशय दुर्मीळ, आणि त्याच्या आधारानं एखाद्या समाजाकडे बोट दाखवणं ज्ञानकोशाचं काम नाही. उलट बाजूही हवी. २००८ मध्ये ब्राझीलमधल्या एका मुलीत हाच ग्राही प्रमाणाबाहेर चालू राहणारा सापडला, ती फार लवकर वयात आली होती. बंद पडला तर येत नाही, जास्त चालला तर लवकर. या दोन टोकांवरून त्याचं काम जितकं कळतं तितकं कशावरूनच नाही.

पहिला परिच्छेद इथे टाकते, झोडपा:

"किसपेप्टिन हे अधश्चेतकातल्या (हायपोथॅलॅमसमधल्या) काही चेतापेशींत बनणारं पेप्टाइड आहे. ते जीएनआरएच पेशींना चेतवतं आणि त्याद्वारे वयात येणं, पाळीचं चक्र व प्रजननक्षमता ठरवतं. त्याचा ग्राही निकामी असलेल्या माणसांत व उंदरांत वयात येण्याची क्रिया होत नाही. मेंढीत ते दिल्यास हंगाम नसतानाही स्त्रीबीज सुटू शकतं. उंदरांत स्त्रीबीज सुटण्याआधीची संप्रेरकांची लाट मेंदूच्या ज्या भागातून उठते, तो आणि माणसातला भाग एकच असल्याचं मानू नये. जनुकाचा शोध १९९६ मध्ये कर्करोगाच्या संशोधनात लागला."

चॉकलेट खाली आहे, पण १९९६ वर आणलं. तुमच्यासाठी.

मोहोळचा_पशुवैद्य

मेंढी आली, म्हैस नाही. बरं. भारतीय म्हशींवरचं छापील काही मिळतंय का बघतो, मिळालं की तुमच्या दारात बांधतो.

सातरस्त्याचा_पॅथॉलॉजिस्ट

१९९६ बद्दल आभार. पण 'ठरवतं' हा शब्द चुकला. किसपेप्टिनशिवाय वयात येता येत नाही हे खरं, पण वेळ तेच ठरवतं असं कुठे सिद्ध झालंय? त्याच्यावरही कोणीतरी आहे. अंगात चरबी पुरेशी आहे की नाही ही खबर लेप्टिन या संप्रेरकाकडून येते, तीही बऱ्याच अंशी आडवाटेनं. २०१३ मध्ये एमकेआरएन-३ नावाचं जनुक पुढे आलं, ते लहानपणी ब्रेक दाबून ठेवतं. ते बिघडलं तर मूल लवकर वयात येतं, आणि गंमत म्हणजे त्याची वडिलांकडून आलेली प्रतच चालू असते. 'ठरवतं' काढा, 'यांना चालना देतं' घाला. नाहीतर तुमची ती शेवटच्या बाकावरची सोमवारी विचारेल, मग किसपेप्टिनला कोण सांगतं?

बाई_बारावी_ब

शुक्रवारीच विचारलं तिनं. 'चालना देतं' केलं.